बोट हलले, नेम चुकला!

उंदराचा पिंजरा तुम्ही पाहिला असेलच. स्प्रिंगचे दार एका लहानशा आकड्याने अडवलेले असते. उंदराने भाकरीचा तुकडा ओढला, की आकडा निसटतो आणि दार धाडकन बंद होते. जोर सगळा स्प्रिंगचा. उंदराने फक्त अडसर दूर केला. खटक्याचे तत्त्व ते हेच, मग तो बंदुकीचा असो की धनुष्याचा.

धनुष्याला खटका? होय! ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात १५ बाणांत तिचे १५० पैकी १४९ गुण झाले, तर मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराचे १४७. या प्रकारच्या धनुष्याच्या टोकांना लंबवर्तुळासारखी चाके असतात. ताण २३ किलोंचा असला आणि चाकांनी त्यात ८० टक्के घट केली, तर दोरी पूर्ण खेचल्यावर हाताला पाच किलोंहून कमीच पेलावे लागतात. दोरी बोटांनी सोडली, तर घसरताना ती बाजूला सरकते. म्हणून आकडा असलेले एक छोटे यंत्र हातात धरतात. त्याला ‘रिलीज’ म्हणतात.

एवढी काळजी कशासाठी? लक्ष्य ५० मीटरवर असते आणि १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो ८ सें.मी. बाणाचे मागचे टोक आणि पुढचा आधार यांत ७० सें.मी. अंतर धरा. समरूप त्रिकोणांनी हिशेब केलात, तर मागचे टोक अवघे ०.५६ मि.मी. सरकताच बाण ४ सें.मी. बाजूला जातो, असे दिसेल.

रिलीजचे मुख्य प्रकार चार. पहिल्यात तर्जनीने तरफ दाबायची, दुसऱ्यात अंगठ्याने. बाण कधी सोडायचा ते आपल्या हाती राहते. पण ‘आता सुटणार’ हे कळताच स्नायू आधीच दचकतात. तिसऱ्यात दाबायची तरफच नसते. मूठ हळूहळू फिरवली, की आतला आकडा अर्धचंद्राकृती तुकड्याच्या कडेवरून निसटतो. चौथा ठरावीक ताण ओलांडताच आपोआप सुटतो. या दोहोंत नेमका क्षण आधी कळत नाही, म्हणून दचकणे टळते. मात्र वारा असताना किंवा एका बाणाला मिळणारे २० सेकंद संपत आले असताना मनाजोगा क्षण साधणे कठीण जाते.

सातारा-सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. तिथे १० गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मि.मी. व्यासाचे! स्पर्धेच्या रायफलींना बहुधा दोन टप्प्यांचा चाप असतो. पहिला टप्पा हलका. मग बोटाला अडथळा जाणवतो आणि त्यापुढे किंचित दाब दिला, की गोळी सुटते. चाप नुसता हलका असून भागत नाही, तो दर वेळी तितक्याच दाबाला सुटला पाहिजे.

आता करून पाहा. भिंतीवर एक ठिपका काढा. बटणाचे बॉलपेन हात लांब करून त्यावर रोखा आणि अंगठ्याने बटण झटकन दाबा. टोक किती हलले? आता दाब हळूहळू वाढवत न्या. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.