शब्द आणि प्रसंग

इंग्रजी वाक्प्रयोगाचे मराठी करताना प्रसंग प्रथम पाहावा. मुंबईच्या लोकलमधील ‘नेक्स्ट स्टेशन, दादर’चे ‘पुढील स्टेशन, दादर’ हे शब्दशः भाषांतर बिनचूक ठरते. परंतु परळची वाट विचारताना ‘कॅन यू टेल मी’ यात सामर्थ्याची शंका नसून विनंती असते. तेथे ‘परळला कसे जायचे, सांगता का?’ हेच मराठी होय. उलट, निरोप घेताना ‘येतो’ म्हणणाऱ्या मुलाने ‘आय ॲम कमिंग’ म्हटल्यास ऐकणारा त्याची वाटच पाहत बसेल. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला, कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला. कोश अर्थ देतो. कोण, कोणास, केव्हा बोलतो, हे मात्र शिक्षकांनीच शिकवावयाचे असते.