गोड पाण्यात न दिसणारे नायट्रेट



“आमच्या बोअरचं पाणी नारळावानी गोड हाय, त्याला काय तपासायचं?” वस्तीवर गेले की हे हमखास ऐकू येते. जिभेला खारेपणा कळतो, डोळ्यांना गढूळपणा आणि लोखंडाचा तांबूसपणा दिसतो. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र ना जिभेला कळत, ना डोळ्यांना.

ही मोजणी फार बारीक असते. साखरेचे ५० किलोचे एक पोते दहा हजार लिटरच्या पाच हजार टँकरांत सारखे विरघळवले, तर लिटरमागे १ मिलिग्रॅम साखर येते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एवढेच असावे असे भारतीय मानक सांगते. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. थोडे फ्लोराइड दातांना चांगलेच. जास्त झाले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे-सांधे ताठरतात. ते बहुधा खडकातूनच येते, त्यात आपला दोष नाही.

नायट्रेट मात्र बरेचसे आपणच घालतो. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुने या मर्यादेबाहेर निघाले. आता घरचा हिशेब करू. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ९२ किलो भरते, आणि तेवढ्याने वीस लाख लिटर पाणी मर्यादेला टेकते. सगळे खाली उतरत नाही हे खरे. ऊस बरेच घेतो, काही हवेत जाते. पण एकदाच पोती फेकायची आणि वर पाटाने दाबून पाणी सोडायचे, म्हणजे खत मुळाखाली घालवायचे. पैसाही गेला अन् पाणीही. काळ्या पाषाणाच्या भेगांतून ते विहिरीला मिळते. विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचे मूत, संडासाचा खड्डा यांची भर वेगळीच.

सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. ओठ, नखे निळसर पडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ साली डॉ. कॉम्ली यांनी हा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवला. निळे पडलेले बाळ तत्काळ दवाखान्यात न्यावे.

“उकळून देतो की!” असे माउल्या म्हणतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते अन् ते दाट होते. तुरटी, टीसीएल यांनीही ते जात नाही. आर. ओ. यंत्राने बरेच कमी होते. नाहीतर बाळापुरते तपासलेले दुसरे पाणी आणावे.

धाराशिव शहराला उजनीचे पाणी मिळते, त्याची तपासणी सरकारी पातळीवर होते. वस्तीवरच्या खाजगी बोअरचे पाणी आपणच तपासायला न्यावे लागते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करावी. पंप पाच मिनिटे चालू द्यावा, लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी, गट नंबर आणि तारीख लिहून त्याच दिवशी पोहोचवावी. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी, ती विसळू नये. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर.