आवळला म्हणजे झालं?

उसाची ट्रॉली गॅरेजमध्ये येते. मिस्त्री पाट्यांच्या यू-बोल्टांना पाना लावून बघतो आणि वैतागतो, "मागच्या खेपेला मीच आवळले होते, परत ढिले!" मग दोष कधी त्याच्या हाताला, कधी मालाला. पण बोल्ट ढिला का होतो, याबद्दलचे आपले बरेचसे समजच ढिले आहेत.

गैरसमज : नट आट्यांत घट्ट बसला की जोड पक्का.
वस्तुस्थिती : जोड धरून ठेवतो तो बोल्टमधला ताण. नट फिरवला की बोल्ट किंचित लांबतो, परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने प्लेटा दाबून धरतो. १० मिमी जाडीचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट नीट आवळला तर हा दाब सुमारे अडीच टन भरतो. पण ४० मिमी जाडीच्या प्लेटा धरताना तो लांबतो फार तर ०.१ मिमी, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीइतका. सगळी पकड या केसाएवढ्या ताणावर उभी असते.

गैरसमज : नट फिरला नाही, तर बोल्ट ढिला होत नाही.
वस्तुस्थिती : गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडावरही बारीक उंचवटे असतात. भार पडत राहिला की ते चेपतात. मधला रंग किंवा गंजही दबतो. हे दबणं ०.०१ मिमी असलं, तरी वरच्या बोल्टचा दहावा हिस्सा ताण गेला, आणि नट जागचा हललेलाही नाही. बोल्ट आखूड असेल तर तोटा आणखी मोठा, कारण मुळात तो लांबलेलाच कमी असतो.

गैरसमज : वरखाली बसणाऱ्या धक्क्यांनीच नट सुटतो.
वस्तुस्थिती : खरा वैरी आडवा हेलकावा. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी हे दाखवून दिलं. तिरक्या फळीवर वीट ठेवा. घर्षणामुळे ती थांबते. आता तिला नुसतं आडवं ढकला. ती आडवी सरकता सरकता खालीही घसरते, कारण सगळं घर्षण आडव्या हालचालीत खर्ची पडलं. बोल्टचे आटे म्हणजे गुंडाळलेली तिरकी फळीच. प्लेटा एकमेकींवर आडव्या सरकू लागल्या की नट दर हेलकाव्याला कणभर उलटा फिरतो.

गैरसमज : स्प्रिंग वायसर टाकला की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : पूर्ण ताणाच्या थोड्याशा हिश्श्यातच तो चपटा होतो, पुढे तो साधा वायसरच. आडव्या हेलकाव्यात त्याचा भरवसा नाही. नायलॉनच्या कड्याचा नट गळून पडत नाही, पण गेलेला ताण तो परत आणत नाही. आट्यांना लावायचा गोंद किंवा पाचरीच्या दातांचे जोडवायसर नट फिरण्याला चांगले अडवतात.

गैरसमज : पाना जेवढा जोरात, तेवढा ताण जास्त.
वस्तुस्थिती : पान्याच्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी आणि ४० टक्के आट्यांतल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. गंजक्या आट्यांत पाना कुरकुरतो, हात दुखतो, पण ताण येत नाही. तेच आटे तेलकट असतील, तर तेवढ्याच जोराने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जाऊन कायमचा लांबतो.

गैरसमज : बोल्ट तुटला, म्हणजे फार आवळला होता.
वस्तुस्थिती : बरेचदा उलटं असतं. नीट ताणलेल्या जोडात येणाऱ्या-जाणाऱ्या भाराचा थोडाच वाटा बोल्टपर्यंत पोचतो. बाकीचा दाबलेल्या प्लेटा पेलतात. ताण गेला की प्रत्येक हिसका बोल्टच खातो आणि थकून तुटतो.

नट-बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवायची पद्धत चांगली आहे. रेघ मोडली तर नट फिरला, हे नक्की. पण रेघ जुळलेली असली तरी आतला ताण शाबूत आहे, असं ती सांगत नाही. म्हणून तर ट्रकचं चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर धावून झाले की नटांना पुन्हा टॉर्क पाना लावायचा असतो. दुसऱ्यांदा पाना लावावा लागला, म्हणून पहिल्या वेळी मिस्त्री चुकला असं नाही. मधल्या काळात लोखंड आपल्या जागी बसलेलं असतं.