धुराचा अलार्म वाजतो, पण झोपलेल्याला जागं करतो का?

"आईला तसं बरं ऐकू येतं, फक्त टीव्हीचा आवाज जरा मोठा लागतो," असं आपण सहज म्हणतो. अशा घरात धुराचा अलार्म बसवला की सगळे निर्धास्त होतात. मोबाइलच्या दुप्पट आवाजात किंचाळणारं यंत्र एखाद्याला ऐकू येणार नाही, ही शंकाच मनात येत नाही. रात्रीच्या झोपेत मात्र ते खरोखरच ऐकू न येण्याची शक्यता मोठी आहे.

"अलार्म एवढा मोठा असतो की कमी ऐकणाऱ्यालाही जाग येईलच." सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच. घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटरवर सुमारे 85 डेसिबल असतो हे खरं, पण अडचण आवाजाच्या मोठेपणाची नाही, पट्टीची आहे. नेहमीचा अलार्म साधारण 3,100 हर्ट्झवर वाजतो. वाढत्या वयात ऐकणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासून, कारण अंतर्कर्णातल्या ज्या पेशी उंच सूर टिपतात त्या आधी झिजतात. म्हणून आजीला समोर बसून बोललेलं कळतं, पण 'स' आणि 'श' निसटतात, आणि आतल्या खोलीतली बारीक बीप तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात अलार्म पॅसेजमध्ये आणि बेडरूमचं दार बंद असेल, तर उशीपर्यंत येईतो 85 डेसिबलचे बरेच कमी झालेले असतात.

यावर मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना गाढ झोपेत वेगवेगळे इशारे देऊन पाहिले गेले. 75 डेसिबल किंवा त्याहून कमी आवाजात नेहमीच्या 3,100 हर्ट्झच्या सुराने जागे झाले 56 टक्के. त्याच मर्यादेत 520 हर्ट्झच्या 'स्क्वेअर वेव्ह' आवाजाने जागे झाले 92 टक्के. 520 हर्ट्झ म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्याचा जवळजवळ तार षड्ज. माणसाच्या गळ्यातून निघणारा हा सूर, आणि त्याच्यासोबत वरचे स्वरांशही वाजत असल्याने कानाचा जो भाग शाबूत असेल तो काही ना काही पकडतो. या निष्कर्षांनंतर अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेने, एनएफपीए 72 ने, 2010 च्या आवृत्तीत कमी ऐकणाऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांसाठी हा खालच्या पट्टीचा आवाज सांगितला. म्हणजे उत्तर सापडून बरीच वर्षं झाली. आपल्याकडच्या दुकानात मात्र त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून कोणी ठेवतही नाही.

"बहिऱ्या माणसासाठी लुकलुकणारा दिवा लावला की झालं." जाग्या माणसासाठी दिवा उत्तम आहे. झोपलेल्यासाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. त्याच अभ्यासात नुसत्या स्ट्रोब दिव्याने जागे झालेले फक्त 27 टक्के होते. पापण्या मिटलेल्या, कूस भिंतीकडे, अंगावर गोधडी, वरून मच्छरदाणी, अशा झोपेत प्रकाश डोळ्यापर्यंत पोचणार कसा? आणि शोभेच्या एलईडीचा लुकलुकाट तर हिशेबातच धरू नये. अमेरिकेत झोपायच्या खोलीतल्या स्ट्रोबसाठी किमान 110 कँडेला लागतात, छताजवळ बसवला तर 177.

स्पर्शाचा मार्ग याहून भरवशाचा आहे. गादीखाली किंवा उशीखाली ठेवायची, मोटर असलेली एक चकती मिळते. इंग्रजीत तिला 'बेड शेकर' म्हणतात, दुकानातही याच नावाने मागावी. त्या अभ्यासात या चकत्यांनी दहातल्या साधारण आठ जणांना उठवलं. अजिबात ऐकू न येणाऱ्या माणसासाठी चकती आणि जोरदार स्ट्रोब दोन्ही लागतात. थोडंफार ऐकू येणाऱ्यासाठी चकती आणि खालच्या पट्टीचा आवाज ही जोडी माझ्या मते सगळ्यात चांगली.

"रात्री श्रवणयंत्र असतंच की." नसतं. ते काढून डबीत ठेवलेलं असतं. कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भागही बहुतेक जण झोपताना काढतात. दिवसा किती ऐकू येतं यावर रात्रीचा अंदाज बांधता येत नाही.

"धुराच्या वासाने जाग येईलच." हाही गैरसमज जिवावर बेतणारा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिलं की गाढ झोपेतला माणूस वासाने भरवशाने जागा होत नाही. उलट धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप आणखी गडद करतो. त्याला वासही नाही आणि रंगही नाही. जपानी संशोधकांनी वासाबी या झोंबणाऱ्या पदार्थाची फवारणी करणारा अलार्म बनवला होता, त्याला 2011 चं इग नोबेल मिळालं. पण तो वासाने नव्हे, नाकाला झोंबून उठवतो. फोडणीत मिरची जळली की जो ठसका लागतो, त्याच जातीचं ते काम आहे.

आता पैशांकडे येऊ. "असली यंत्रं परदेशी आणि महाग असतात, आपल्याला परवडायची नाहीत." खालच्या पट्टीचा आवाज आणि चकती एकत्र असलेला तयार संच परदेशात साधारण दीडशे-दोनशे डॉलरला पडतो, हे खरं आहे. पण या संचात दोन वेगळी कामं असतात: धूर ओळखणं आणि माणसाला उठवणं. पहिलं काम बॅटरीवरचा साधा अलार्म करतो. घेताना 'फोटोइलेक्ट्रिक' प्रकारचा घ्यावा, कारण गादी किंवा कापूस धुमसत असतो तेव्हा निघणारा धूर तो लवकर पकडतो. दुसऱ्या कामासाठी काही उपकरणं अलार्मचा ठरावीक ठेका ऐकून चकती हलवतात. तो ठेका म्हणजे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या तीन बीप आणि मग दीड सेकंदाची उसंत. नवं उपकरण घेताना आपला अलार्म याच ठेक्यात वाजतो की नाही, ते आधी तपासावं. नाहीतर दोघांचं जमणार नाही.

घरात ऐकू येणारं कोणी असेल, तर त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बिनतारी जोडलेले अलार्म. स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमधला एक वाजला की सगळे वाजतात. त्यातला एक मुलाच्या किंवा सुनेच्या उशाशी असला की उठवायला माणूस धावून येतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांच्या भिंतीपलीकडे जोडअलार्म ठेवता येतो. सोबत किल्लीही द्यावी लागते.

वायफायवरचे सेन्सर, स्मार्ट प्लग आणि दिवे जोडून चकती चालवणारे हौशी लोकही आहेत. कल्पना चांगली आहे, पण तिचा कच्चा दुवा लक्षात ठेवा. शॉर्टसर्किटने एमसीबी पडला की राउटर बंद, प्लग बंद, दिवाही बंद. ज्या क्षणी गरज, त्याच क्षणी सगळं मुकं. बॅटरीवर चालणारा भाग कुठेतरी असलाच पाहिजे.

"मोबाइल आहे ना, तो ऐकेल." 2020 पासून आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये आजूबाजूचे आवाज ओळखून कळवण्याची सोय आहे, त्यात धुराच्या अलार्मचा आवाजही येतो. फुकट आहे, म्हणून जरूर चालू करा. पण धोक्याच्या प्रसंगी हिच्यावर विसंबू नका, असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं. फोन उशीखाली ठेवला तर त्याचा माइक दबतो, आणि चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणं म्हणजे स्वतःच आगीला बोलावणं. ही सोय जोडीला ठेवावी, मुख्य पहारेकरी म्हणून नव्हे.

"आमच्या घरात अलार्म सारखा वाजेल." स्वयंपाकघरात लावलात तर फोडणीगणिक वाजेल, देवघरापाशी लावलात तर उदबत्तीने. मग कोणीतरी वैतागून बॅटरी काढतं. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा अलार्म लावा. धुराचा अलार्म बेडरूममध्ये छताला, पंख्याच्या पात्यांपासून किमान तीन फूट दूर. दर महिन्याला बटण दाबून पाहा आणि दहा वर्षांनी अख्खं यंत्र बदला.

ब्रिटनमध्ये अनेक भागांतलं अग्निशमन दल घरी येऊन कर्णबधिरांना असे अलार्म बसवून देतं, बहुधा फुकट. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम संकटकाळात समान संरक्षणाचा हक्क देतं. मात्र त्या कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 डेसिबल किंवा त्याहून अधिक ऐकू कमी येणाऱ्यालाच श्रवणदोषाच्या दिव्यांगत्वात धरतात. उंच सूर हरवलेली असंख्य वृद्ध माणसं त्या आकड्याच्या आधीच थांबतात आणि कुठल्याच यादीत येत नाहीत. अशी माणसं शोधून त्यांची सोय करण्याचं काम ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि सोसायट्यांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सोसायटीच्या लॉबीत हूटर असतो, पण तो कोणत्या मजल्यावर कोणाला ऐकू येणार नाही, हे वॉचमनला माहीत असतं का? ते लिहून ठेवायला पैसा लागत नाही.

अलार्म बसवल्यावर त्याची परीक्षा दिवाणखान्यात उभं राहून घेऊ नका. ज्याच्यासाठी तो लावला आहे त्याला आधी सांगून ठेवा, आणि एखाद्या रात्री तो श्रवणयंत्र काढून, दार नेहमीसारखं लावून गाढ झोपला असताना बटण दाबा. अर्ध्या मिनिटात त्याला जाग आली नाही तर तो अलार्म त्याच्या कामाचा नाही. चकती लावा, खोली बदला किंवा खालच्या पट्टीचा अलार्म मागवा, आणि पुन्हा एकदा तशीच परीक्षा घ्या.