कळफलक आपण होऊन बोलत का नाही?

हजेरी चालू असताना आपला क्रमांक पुकारल्याशिवाय कोणी 'हजर' म्हणत नाही. संगणकाला जोडलेला यूएसबी कळफलक अगदी असाच वागतो. तुम्ही कळ दाबलीत तरी तो आपण होऊन काही सांगत नाही. संगणकाने विचारले तरच सांगतो.

पूर्वी असे नव्हते. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिनक्स ही कार्यप्रणाली लिहायला घेतली, तेव्हा यूएसबी नव्हतेच. त्या वेळचा कळफलक कळ दाबताच प्रोसेसरला हाक मारी. ठरलेल्या पोर्टवरून एक बाइट वाचला की काम भागे. यूएसबीचे पहिले मानक आले ते १९९६ साली.

आज कोणी स्वतःची छोटीशी कार्यप्रणाली लिहू लागला, तर आरंभी त्याची गंमतच होते. पुष्कळ यंत्रांत बायोस हा मूळचा प्रोग्रॅम यूएसबी कळफलकाला जुन्या कळफलकाचे सोंग देतो, त्यामुळे सारे सुरळीत चालते. पण यूएसबीचा ताबा आपण घेतला, की सोंग उतरते आणि कळफलक मुका होतो. त्याला बोलता करायचे, तर होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहावा लागतो.

होस्ट कंट्रोलर म्हणजे तारेवर प्रश्न विचारणारे स्वतंत्र मंडल. ड्रायव्हर स्वतः प्रश्न विचारत नाही. तो फक्त वेळापत्रक लिहून ठेवतो. इंटेलच्या यूएचसीआय या जुन्या, शिकायला सोप्या प्रकारात हे वेळापत्रक १०२४ तासांचे असते. मात्र प्रत्येक तास एक सहस्रांश सेकंदाचा! प्रत्येक रकान्यात एका चिठ्ठीचा पत्ता लिहायचा. कोणत्या उपकरणाला विचारायचे, किती बाइट घ्यायचे, उत्तर स्मृतीत कोठे ठेवायचे, हे चिठ्ठीवर असते. कळफलकापाशी सांगण्यासारखे काही नसेल, तर तो 'सध्या नाही' अशी खूण पाठवतो आणि चिठ्ठी पुढच्या खेपेसाठी तशीच राहते. उत्तर मिळाले, की कंट्रोलर चिठ्ठीवरची 'चालू' ही खूण पुसतो.

येथे नवशिके हमखास अडखळतात. प्रोग्रॅमला दिसणारा स्मृतीचा पत्ता पुष्कळदा नकली असतो. प्रोसेसर तो खऱ्या पत्त्यात बदलून घेतो. कंट्रोलरला ही सोय सहसा नसते. त्याला नकली पत्ता दिलात, तर तो मुकाट्याने भलत्याच जागी उत्तर लिहून मोकळा होतो, आणि बिघाड तिसरीकडेच उमटतो. म्हणून पहिले प्रयोग क्यूएमू या आभासी संगणकावर करावेत. तेथे स्मृती उघडून पाहता येते.

आता ओळखपरेड. नवे उपकरण जोडले की त्याचे पोर्ट ५० सहस्रांश सेकंद 'रीसेट' स्थितीत धरायचे. त्यानंतर ते शून्य क्रमांकाला ओ देते. दोन उपकरणे एकदम रीसेट केलीत तर दोन्ही शून्यालाच उत्तर देतील. म्हणून एका वेळी एकच. आधी त्याच्या माहितीपत्रकाचे पहिले ८ बाइट मागायचे, मग १ ते १२७ पैकी एक क्रमांक द्यायचा, आणि नव्या क्रमांकाने पूर्ण १८ बाइट वाचायचे. (नव्या संगणकांतील एक्सएचसीआय हा कंट्रोलर क्रमांक स्वतःच वाटतो. त्याची मांडणीही निराळी व बरीच अवघड आहे.)

एवढे झाल्यावर कळफलकाला साध्या 'बूट' पद्धतीने बोलायला सांगायचे आणि त्याची चिठ्ठी वेळापत्रकात लावायची. डावी शिफ्ट कळ धरून 'ए' दाबा. स्मृतीत ८ बाइट उमटतील: २, ०, ४, ०, ०, ०, ०, ०. पहिला २ म्हणजे डावी शिफ्ट आणि ४ म्हणजे 'ए'. 'बी' साठी ५, 'सी' साठी ६. दोन्ही कळा सोडल्यात, की पुढच्या उत्तरात आठही शून्ये.