कोपऱ्यातली फुलं
गोधडी ही निव्वळ काटकसर, तिच्यात कसली आली कला, असं म्हणणाऱ्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची गोधडी, म्हणजे कवंदी, पाहावी. टाका आपल्याच गोधडीतला, साधा धावदोरा. शिवण कडेनं सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर येते. शेवटी चारही कोपऱ्यांवर रंगीत चिंध्यांच्या तिकोनी घड्या बसतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्यांनी ऊब तसूभरही वाढत नाही, तरी त्यांच्याविना कवंदी पुरी मानत नाहीत. नुसती काटकसरच असती, तर त्या चिंध्या आतच गेल्या असत्या.

टाका सगळ्यांचा एकच, मग वेगळेपण कुठलं? कुठल्या तुकड्याशेजारी कुठला, लाल काठ मध्ये की कडेला, दोरा लपवायचा की मिरवायचा, यात. गोधडीच्या कापून जुळवलेल्या तयार किटात (दिसतं सुबकच!) हे सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.