पुळणवट जमिनीतील परसबाग

किनारपट्टीच्या बागायतदारांत असा समज रूढ आहे की, पुळणवट जमिनीत माड वाढतील, पण भाजीपाला होणार नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडील पुष्कळ घरी यामुळे परसाची जागा मोकळी राहते व रोजची भाजी विकत आणावी लागते. हा समज आम्हांस बरोबर वाटत नाही. वाळूत मुळे सहज पसरतात व मशागतीस श्रम थोडे पडतात. तिचा दोष एकच. दिलेले पाणी व खत ती धरून ठेवीत नाही. त्याचा बंदोबस्त कसा करावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वाफे.— आरंभी विहिरीजवळ, माडांच्या दाट सावलीबाहेर, पाव गुंठाच जागा घ्यावी. वाफा ३ फूट रुंद ठेवावा, म्हणजे आत पाय न घालता दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. हातभर खोल चर खणून तळाशी नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून मांडावी व माती ओढावी. सोडण आपल्या वजनाच्या ३ ते ५ पट पाणी धरते व त्याचा गुण ५-७ वर्षे टिकतो. वरच्या वीतभर थरात तळ्याचा गाळ व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात वाफे खोलगट, पावसाळ्यात उंच असावेत.

खत.— नुकसान होते ते बहुधा येथेच. दक्षिण कोकणात वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगाच्या तोंडी गाडीभर खत एकदम टाकल्यास त्यातील नत्राचा मोठा भाग मुळांखाली वाहून जातो. तेच खत चार-पाच हप्त्यांनी द्यावे व वर पालापाचोळ्याचे किंवा गिरिपुष्पाच्या पाल्याचे आच्छादन सदैव ठेवावे.

पाणी.— किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट असते. म्हणूनच उपशाने पातळी थोडी उतरली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर चढू पाहते. तासन्‌तास पंप चालविणारा भाजीबरोबर घरचे पिण्याचे पाणीही गमावून बसेल. यास्तव सकाळ-संध्याकाळ झारीने थोडे थोडे शिंपावे. न्हाणीचे सांडपाणी अळू व केळीस सोडावे.

पिके.— प्रथम लाल माठ, मुळा, चवळी, वाल व रताळी घ्यावी. जमीन सुधारल्यावर वांगी, भेंडी व मिरची. वाळूत सूत्रकृमींचा उपद्रव विशेष असतो. वांगी-भेंडीच्या मुळांवर गाठी दिसल्यास त्या वाफ्यात पुढील हंगामी झेंडू लावावा. चवळी-वालाच्या मुळांवरील, बोटाने सहज सुटणाऱ्या गाठी मात्र नत्र पुरविणाऱ्या आहेत. त्यांस रोग समजू नये.

वाळू एका वर्षात सुधारत नाही, आणि तिच्यातील कुजखतही लवकर संपते. पहिल्या वर्षी चारच वाफे नेटाने राखावेत; त्यांतून घरास भाजी मिळू लागली की मगच पाचवा खणावा, असे आमचे बागायतदारांस आग्रहाचे सांगणे आहे.